तीन कोटी शब्दांचा हिशेब

गरिबाघरचे मूल पहिलीत येते तेच मागे पडून, असे शाळाशाळांतून सहज बोलले जाते. त्याला विज्ञानाचा आधार म्हणून एका अमेरिकन पुस्तकाकडे बोट दाखवतात: बेटी हार्ट व टॉड रिझली यांचे १९९५ सालचे 'मीनिंगफुल डिफरन्सेस'. सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा गरीब घरातल्या मुलाच्या कानांवर चौथ्या वर्षापर्यंत तीन कोटी शब्द कमी पडतात, हा त्यातला आकडा फार गाजला. तो आला कोठून?

कॅन्सस सिटीतील ४२ कुटुंबे निवडली होती. मूल तीन वर्षांचे होईपर्यंत सुमारे अडीच वर्षे, दरमहा एक तास, निरीक्षक घरी जाऊन बोलणे ध्वनिमुद्रित करीत. एवढ्या चिकाटीचे काम क्वचितच होते. डॉक्टर-प्राध्यापकांसारख्या उच्च व्यावसायिकांच्या मुलांशी ताशी सरासरी २१५३ शब्द बोलले गेले, सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांत ६१६. (शब्द म्हणजे निरनिराळे शब्द नव्हेत, 'ये, ये' हेही दोनच.) फरक १५३७. त्याला आठवड्याचे जागेपणीचे १०० तास, वर्षाचे ५२ आठवडे आणि ४ वर्षे यांनी गुणा. उत्तर तीन कोटी वीस लाखांच्या जवळ येते. वर्गात हे गणित जरूर घालावे. म्हणजे तीन कोटी शब्द कोणी मोजलेले नाहीत. मोजला तो महिन्यातला एक तास, बाकीचा गुणाकार.

आणि मदतीवरची कुटुंबे होती किती? अवघी सहा, सहाही कृष्णवर्णीय. टेपरेकॉर्डर घेऊन बसलेल्या परक्या माणसापुढे कोणती आई नेहमीसारखी बोलेल? शिवाय हिशेबात धरले ते मुलाला उद्देशून झालेले पालकांचे बोलणे. आजी, थोरली बहीण, शेजारीण यांच्या गप्पांत वाढणारे आपल्याकडचे मूल या मोजपट्टीवर मुकेच्या मुके ठरेल.

२०१८ साली डग्लस स्पेरी, लिंडा स्पेरी आणि पेगी मिलर यांनी अमेरिकेतील पाच वस्त्यांमधील नोंदी तपासल्या. त्यांना ही दरी आढळली नाही; एकाच आर्थिक थरातल्या घराघरांत मात्र मोठा फरक दिसला. अशी तफावत हार्ट-रिझलींच्या मधल्या गटातील २३ कुटुंबांतही होती. पण सरासरीच्या आकड्यापुढे तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. 'जोखीम' हा शब्द गटाविषयी बोलतो. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीविषयी तो काहीच सांगू शकत नाही. प्रवेशअर्जावरचा वडिलांचा धंदा वाचून तिची बुद्धी जोखणाऱ्याने निदान हा आधार देऊ नये.

स्पेरींच्या टीकेलाही उत्तर आले. रोबर्टा गोलिंकॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की नुसते कानांवर पडलेले बोलणे आणि मुलाशी समोरासमोर केलेले बोलणे यांना एकाच तराजूत घालता येत नाही. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. त्यासाठी शब्द मोजून भागणार नाही; मुलाने हुंकार दिल्यावर त्याला उत्तर मिळाले का, हे मोजावे लागेल.