आलेपाक आणि खेळातील संजीवनी

संगणकावरील भूमिकाप्रधान खेळांत घायाळ वीराने गोड वडी खाल्ली की त्याची क्षीण झालेली प्राणशक्ती तत्क्षणी भरून येते. ती वडी खेळणाऱ्यानेच मुळ्या, मध इत्यादि जमवून सिद्ध करावयाची असते. या कल्पनेस ती अद्भुत म्हणून आम्ही दोष देत नाही. संजीवनीच्या कथेवर वाढलेल्यांनी तो देऊही नये. आमचा आक्षेप निराळा आहे. पुष्कळ खेळांत सामग्री जुळली की कळ दाबावी आणि वडी तयार! पाक बिघडण्याचे भयच नाही.

याउलट आपला आलेपाक पाहावा. १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडलेल्या आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळालेल्या पुण्याच्या मंडईत, आले निवडतानाच परीक्षा सुरू होते. जून आले तिखट खरे, पण दोरेही फार. ते सोलून, वाटून साखरेबरोबर आटवीत बसावे. गोळा कढईची कड सोडू लागताच उतरावा. क्षणभर आधी उतरला तर वडी पडत नाही, उशीर झाला तर भुगा. आणि एवढ्या खटपटीचा गुण काय? घशाची खवखव घटकाभर शमते. खोकला आपल्या मुदतीनेच जातो.

हे अपयश आणि हा अल्प गुण खेळांच्या कर्त्यांनी उचलला असता, तर त्यांच्या वडीस चव आली असती. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या चिरंजिवांनी खेळात अशा वड्यांचा मोठा साठा केला होता, आणि खोकत खोकत ते आजीपाशी कढईची खरवड मागत होते.