चव आणि शब्द

टीकाकार हा प्राणी केवळ वाङ्मयाच्याच वाट्याला आला आहे, असा आम्हा लेखकांचा एक गोड समज असतो. वास्तविक द्राक्षाच्या वाइनचे टीकाकार आमच्या टीकाकारांहून कितीतरी कडक! पेला उजेडात धरून रंग पाहायचा, तो गोल फिरवून वास घ्यायचा, घोट जिभेवर घोळवायचा आणि अखेर चक्क थुंकून टाकायचा. पन्नास पेले पारखणाऱ्याने प्रत्येक घोट गिळला, तर एकावन्नाव्याबद्दल तो बिचारा काय बोलणार?

या परीक्षेत गुणही असतात. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठाने वीस गुणांची पद्धत रूढ केली. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांपुढे दोन्ही देशांच्या वाइन लेबले झाकून ठेवल्या, तेव्हा तांबडीत 'स्टॅग्ज लीप' आणि पांढरीत 'शॅटो मॉन्टेलेना' या कॅलिफोर्नियाच्याच वाइन पहिल्या आल्या. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकले की निकाल कसा फिरतो, हे आम्हा मास्तरांना कोणी सांगायला नको.

पण नाव झाकूनही सारे भागत नाही. रॉबर्ट हॉजसन या कॅलिफोर्नियातल्याच मळेवाल्याने तिथल्या राज्यमेळ्यातील परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन, न सांगता, तीनदा चाखायला दिली. पुढे त्याने निष्कर्ष छापले. तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणारा परीक्षक दहांत जेमतेम एक निघाला! तेव्हा आकड्याचा रुबाब फार मानू नये. परीक्षकाचे खरे काम गुण देण्याचे नव्हे, चवीला शब्द देण्याचे.

डेव्हिसच्याच ॲन नोबल यांनी हे ओळखले. १९८४च्या सुमारास त्यांनी वाइनच्या वासांचे एक चक्र तयार केले. 'उदात्त', 'डौलदार' असल्या पोकळ विशेषणांऐवजी फळे, फुले, मसाले यांची नावे घ्या, म्हणजे बोलणाऱ्याचे ऐकणाऱ्याला कळेल, हा त्यामागचा विचार. विचार सोन्यासारखा, पण ती फळे त्यांच्या परसातली.

आमच्या नाशिकच्या वाइनला कॅलिफोर्निया परका नाही. राजीव सामंत तिथून परतले, तिथल्याच केरी डॅम्स्की या जाणकाराची मदत घेतली, आणि २००० साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. परंतु मळ्याबरोबर शब्दही आयात झाले. नाशिकच्या सोव्हिन्याँ ब्लाँला 'गूजबेरी'चा वास येतो म्हणे! ज्याने गूजबेरी कधी पाहिली नाही, त्या वाचकाने काय समजावे?

माझ्या भाच्याने सॅन होजेहून झिनफँडेल आणली होती. ती आणि नाशिकची सोव्हिन्याँ ब्लाँ मी शेजारी ठेवून चाखली. झिनफँडेलला करवंदाच्या मुरंब्याचा वास, मागून मिऱ्याचा ठसका. तोंड भरून टाकणारी खरी. मात्र पहिल्या प्रकरणातच सारे सांगून बसलेल्या कादंबरीसारखी. दुसऱ्या घोटाला नवे काही नाही. नाशिकची अंगाने किरकोळ, लवकर संपणारी, पण तरतरीत. वास कैरीचा आणि नुकत्या खुडलेल्या हिरव्या मिरचीचा. आम्ही धावड्याची माणसे, म्हणजे भोकरदनच्या मिरचीच्या मुलखातली. हा वास आम्हांला फसवणार नाही. शास्त्रज्ञही सांगतात, की मिरचीत असते त्याच जातीचे द्रव्य या द्राक्षात असते.

भेदाचे कारणही उघड आहे. कॅलिफोर्नियाची द्राक्षे उन्हाळाभर पिकतात आणि रात्री समुद्राच्या धुक्याने थंडावतात. तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर. आमच्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च, उन्हाळा दारात उभा असताना. म्हणून नाशिकच्या वाइनने कॅलिफोर्नियासारखी दिसण्याचा हट्ट धरू नये, आणि आपण तिला त्या मापाने नापासही करू नये. स्वतःची चव परक्या शब्दांत सांगणारा समाज हळूहळू स्वतःच्या जिभेवरचा विश्वास गमावतो. वाङ्मयात ते आपण पुरेसे भोगले आहे.

वाचकहो, यासाठी बाटली उघडण्याचीही गरज नाही. या दिवाळीत घरच्या माउलीने चार दिवस खपून केलेल्या करंजीला नुसते 'छान' म्हणून उठू नका. वेलदोडा पुढे आला की खोबरे, पापुद्रा खुसखुशीत झाला की कडक, ते नीट सांगा. टीका म्हणजे दुसऱ्याच्या कष्टाला दिलेला नेमका शब्द, एवढेच.