डेकमधून काय काढायचं?

खारघरमधली पोकेमॉन कार्डं खेळणारी मुलं व्हिडिओंतला सल्ला ऐकतात: भारी कार्ड मिळालं की डेकमध्ये घाला. माझा आक्षेप इथेच आहे. अहो, डेक बरोबर 60 कार्डांचा. घालायचं तर काहीतरी काढावं लागणार. ते कोण सांगणार? महागडं कार्ड एकच असेल, तर सुरुवातीच्या सात कार्डांत ते यायची शक्यता जेमतेम 12 टक्के. शिवाय सहा कार्डं बक्षीस म्हणून उपडी बाजूला जातात. म्हणजे दहातल्या एका डावात तुमचं कार्ड तिथेच अडकलं! एका नावाची चार चालतात. साधंच कार्ड चारदा घाला, निदान एक तरी हातात यायची शक्यता 40 टक्के. (समोरून एक मुलगा : "काका, पण ते चमकत नाही!") हो, पैसे तिथेच जातात.