प्रेक्षकाची पावले आणि चित्रातील काळ

चित्रपटगृहात बसलेला प्रेक्षक काळाच्या बाबतीत सर्वस्वी परतंत्र असतो. कोणता क्षण कोणत्या क्षणानंतर यावा आणि किती वेळ टिकावा हे दिग्दर्शकाने आधीच ठरवून ठेवलेले असते. प्रेक्षक उठून गेला तरी त्या क्रमात तिळमात्र फरक पडत नाही. चित्रासमोर किंवा शिल्पासमोर उभा राहणारा रसिक याहून मोकळा खरा. पण त्याच्या हालचालीने बदलते ते त्याचे पाहणे, वस्तू नव्हे. प्रतिसादी व्हिडिओ-कलेने या दोन्ही गृहीतांना हात घातला. 1963 साली नाम जून पाइक याने 'पार्टिसिपेशन टीव्ही' या रचनेत प्रेक्षकाच्या आवाजाने दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील आकृती बदलेल अशी योजना केली, आणि तेव्हापासून या कलेच्या पुरस्कर्त्यांनी एक दावा सातत्याने मांडला आहे : येथे प्रेक्षक हा केवळ प्रेक्षक राहत नाही, तो निर्माता होतो. या दाव्याची परीक्षा दोन कलाकृतींच्या आधारे करून पाहण्याजोगी आहे. दोहोंचाही विषय काळ हाच आहे.

डॅन ग्रॅहम या अमेरिकन कलावंताची 'प्रेझेंट कंटिन्युअस पास्ट्स' ही रचना 1974 सालची. आरसे लावलेली एक खोली, तीत एक कॅमेरा आणि एक दूरचित्रवाणी-संच, एवढीच तिची सामग्री. कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य संचावर उमटते ते 8 सेकंदांनी. आरशात प्रेक्षकाला आपला वर्तमान दिसतो. संचावर 8 सेकंदांपूर्वीचा आपण दिसतो. शिवाय समोरच्या आरशात संचाचेही प्रतिबिंब पडलेले असते आणि कॅमेरा तेही टिपतो. त्यामुळे प्रेक्षकाचे शरीर आड आले नाही, तर चित्राच्या आत 16 सेकंदांपूर्वीचे चित्र, त्याच्या आत 24 सेकंदांपूर्वीचे, अशी परंपरा लागते. रचनेचे नावच व्याकरणातून आलेले आहे : अपूर्ण वर्तमानकाळाला भूतकाळ जोडला आहे, आणि तोही अनेकवचनी.

यातील मर्म त्या 8 सेकंदांत आहे. अंतर याहून फार कमी असते तर तो केवळ प्रतिध्वनी झाला असता; फार अधिक असते तर ती आठवण झाली असती. आठ सेकंदांपूर्वी उचललेला हात आपल्याला अजून आपलाच, चालू क्रियेचा भाग वाटतो, आणि तरीही तो आपल्या ताब्यातून सुटलेला असतो. प्रेक्षक हात हलवितो, थांबतो, हललेला हात पाहतो. आणि मग त्याला दिसतो तो थांबून पाहणारा स्वतः. रचना विलक्षण काटेकोर आहे. तिच्यात एकही गोष्ट फाजील नाही.

परंतु तिचा आशय काय? जो आत येईल तो. दुसरे काही नाही. येथे आपल्या साहित्यशास्त्रातील एक जुना विचार आठवतो. अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी विघ्ने सांगितली त्यांत स्वतःच्या अथवा दुसऱ्याच्या म्हणून निश्चित झालेल्या देशकालात गुंतून पडणे हे एक प्रमुख विघ्न मानले आहे. नाटकातील पूर्वरंग, नटाचा वेष, रंगभूमीचे सारे संकेत ही त्याच्या मते हे विघ्न दूर करण्याचीच साधने होत. ग्रॅहमच्या खोलीत मात्र नेमके हे विघ्नच कलेचे द्रव्य बनले आहे. हा प्रेक्षक, ही जागा, हे 8 सेकंद : यांवाचून तेथे काहीच नाही. आपलाच देह कालांतराने पाहिल्यामुळे थोडासा परका होतो, हे मान्य केले पाहिजे, आणि खोलीत दुसरे माणूस असेल तर हा परकेपणा अधिक तीव्र होतो. तरीही ते साधारणीकरण नव्हे. माणूस स्वतःपासून सुटतो आणि पुन्हा स्वतःवरच येऊन आदळतो.

कॅमिल अटरबॅक हिची 2000 ते 2002 या काळातील 'लिक्विड टाइम' ही रचनामाला याच प्रश्नाला निराळ्या बाजूने भिडते. तत्पूर्वी 1999 साली रोमी आकितुव्ह याच्यासह तिने केलेली 'टेक्स्ट रेन' ही रचना अधिक प्रसिद्ध आहे. वरून पडणारी एका कवितेची अक्षरे प्रेक्षकाच्या छायेच्या हातांवर येऊन विसावतात. ती रमणीय आहे, पण बहुतेकांच्या हाती ती खेळ होऊन राहते आणि कविता वाचायची राहून जाते. 'लिक्विड टाइम'चे तसे नाही. पडद्यावर टोकियो किंवा न्यू यॉर्क येथील रस्त्याचे, आधीच चित्रित केलेले दृश्य असते : चालणारी माणसे, वाहने. प्रेक्षकाच्या डोक्यावरील कॅमेरा त्याचे स्थान संगणकाला कळवितो. तो पडद्याजवळ जाऊ लागला की त्याच्या अगदी समोरचा तेवढाच भाग चित्रीकरणातील वेगळ्या क्षणात, काळाच्या अधिक खोलात शिरतो. उरलेले चित्र आपल्या जागी राहते. रस्त्यावरच्या वाटसरूचे अर्धे अंग एका क्षणातले तर अर्धे दुसऱ्या क्षणातले होते. प्रेक्षक मागे सरला की चित्राची ही जखम हळूहळू भरून येते.

चित्रपटाचे एकक म्हणजे चौकट, आणि एका चौकटीत एकच क्षण, हा संकेत येथे मोडला आहे. घनवादी चित्रकारांनी एका प्रतिमेत अनेक दृष्टिकोन आणले. येथे एका प्रतिमेत अनेक क्षण येतात. पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. या रस्त्याचा काळ अखंड असतो तो प्रेक्षक दूर असतो तोपर्यंतच. जवळून पाहण्याची इच्छा धरली की पाहण्याची वस्तूच दुभंगते. आणि ती वस्तू म्हणजे आपण नव्हे, कुणी अनोळखी माणसे आहेत, ज्यांना आपली दादही नाही. ग्रॅहमच्या रचनेत नसलेला 'दुसरा' येथे आहे, आणि आपल्या जवळिकीची किंमत तो मोजतो. देहाचे पाऊल पुढे पडले असताही मन स्वतःतून बाहेर निघू शकते, एवढे तरी या रचनेने सिद्ध केले आहे.

आता निर्मातेपणाच्या दाव्याविषयी. मर्ढेकरांनी सौंदर्याचे मूळ संवेदनांच्या लयबद्ध संघटनेत पाहिले. ही संघटना 'लिक्विड टाइम'मध्ये कोण करतो? कोणते अंतर कोणत्या क्षणाशी जोडायचे, दुभंग किती वेगाने सांधायचा, हा नियम अटरबॅकने घडविला आहे. प्रेक्षक त्या नियमाला केवळ आपले स्थान पुरवितो. या कलेचे समर्थक रागसंगीताचा दाखला देऊ शकतील : तेथेही चौकट ठरलेली आणि विस्तार मोकळा. पण रागाचा नियम गवयाने वर्षानुवर्षांच्या रियाजाने अंगी मुरविलेला असतो, म्हणून तो मोडण्याचे भयही त्याला ठाऊक असते. येथे पाच मिनिटांपूर्वी आत आलेल्या माणसाला मोडण्याजोगे काही हातीच लागत नाही. तो कसाही चालला तरी नियम पाळलाच जातो. त्याला निर्माता म्हणणे हे त्याचे कौतुक झाले, वर्णन नव्हे.

समीक्षकापुढची अडचण मात्र खरी आहे. दोन समीक्षक एकाच 'लिक्विड टाइम'विषयी लिहितील तेव्हा त्यांनी पाहिलेली चित्रे एकसारखी नसतील, आणि पडद्यासमोर एकाच वेळी तिघे उभे असतील तर प्रत्येकाने फाडलेला काळ शेजारच्याच्या काळाला लागून दिसेल. अशा वेळी रचनेच्या नियमाचे विवेचन करून थांबता येणार नाही. आपण पडद्यापासून किती पावलांवर होतो, केव्हा थांबलो, आणि शेजारी कोण होते, हेही आस्वादाच्या नोंदीत लिहावे लागेल.