शेवटी जिंकावंच लागतं

'सर्चिंग फॉर बॉबी फिशर' हा स्टीव्हन झेलियनचा १९९३ सालचा चित्रपट बुद्धिबळापेक्षा बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या पालकांबद्दल जास्त आहे. सात वर्षांच्या जॉशला खेळ आवडतो. त्याच्या वडिलांना हळूहळू त्याचं जिंकणं आवडू लागतं. एका स्पर्धेत तो पहिल्याच फेरीत हरतो, तेव्हा वडील भर पावसात त्याची उलटतपासणी करतात आणि जॉश विचारतो, तुम्ही एवढे लांब का उभे आहात? साऱ्या चित्रपटात याहून खरा क्षण नाही.

बेन किंग्जलीने रंगवलेले शिक्षक सांगतात, प्रतिस्पर्ध्याचा तिरस्कार करायला शीक. जॉशला ते जमत नाही. अंतिम डावात विजय दिसत असताना तो बरोबरीसाठी हात पुढे करतो. समोरचा मुलगा नाकारतो आणि जॉश जिंकतो. इथे चित्रपट कच खातो. जिंकणं हेच सर्वस्व नाही, असं दीड तास सांगून शेवटी चषक हातात देतोच. जॉशच्या वडिलांच्या पुस्तकावरून चित्रपट घेतला आहे आणि ज्या डावावरून हा शेवट रचला, तो प्रत्यक्षात बरोबरीत सुटला होता. तो अर्धा गुण पटकथेला पचला नाही.

नाशिकच्या प्रेक्षकाला यावर विदित गुजराथी आठवावा. २०१३मध्ये ग्रँडमास्टर, २०२३मध्ये आइल ऑफ मॅनची ग्रँड स्विस जिंकून कँडिडेट्समध्ये प्रवेश. एप्रिल २०२४मध्ये टोरांटोत त्याने हिकारू नाकामुराला दोनदा हरवलं. पहिल्या विजयाने नाकामुराची ४७ डावांची अपराजित मालिका तुटली. तरीही १४ डावांत ६ गुण आणि आठ जणांत सहावा क्रमांक. स्पर्धा सतरा वर्षांच्या गुकेशने जिंकली. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये विदित सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. कुणी चित्रपट काढलाच तर तो तिथेच संपवतील आणि टोरांटो मध्यंतराआधी उरकतील.

पण बुद्धिबळाचं आयुष्य बहुतेक टोरांटोसारखंच असतं: एखादा अविस्मरणीय डाव आणि तक्त्यात मधली कुठली तरी जागा. आपल्याकडे रविवारच्या स्पर्धांतून दीड-दोन गुण घेऊन परतणारी मुलं याच तक्त्यात असतात. त्यांच्यासाठी झेलियनचा शेवट निरुपयोगी आहे. पावसातला प्रसंग मात्र त्यांच्या पालकांनी जरूर पाहावा आणि पुढच्या खेपेला पोर हरून आलं, की जरा जवळ उभं राहावं.