रंगीत काच आणि वृंदगान

केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजच्या चॅपेलची कीर्ति तेथील रंगीत काचांमुळें आहे, तशीच गायकवृंदामुळेंहि आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत घडविलेल्या त्या उंच खिडक्यांवर बायबलांतील कथा चितारलेल्या आहेत. पण मन धरून ठेवतो तो कथाभाग नव्हे, प्रकाश. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहांतील राशिचक्राची खिडकी ज्यांनीं आंतून पाहिली आहे, त्यांस हें सांगावयास नको. काच स्वतः मुकी; तिच्यांतून कांहीं तरी आरपार गेलें तरच ती बोलते. कंठाचेंहि तसेंच.

येथें नाताळच्या आदल्या दिवशीं नऊ पाठ व गीतें यांची उपासना होते. ती १९१८ सालीं एरिक मिल्नर-व्हाइट या तरुण डीननीं सुरू केली. महायुद्धांत ते लष्करी धर्मोपदेशक होते. मरण त्यांनीं जवळून पाहिलें होतें. १९२८ पासून ही उपासना नभोवाणीवर आली. दुसऱ्या महायुद्धांत प्राचीन काचा काढून ठेविल्या, ऊबहि नाहींशी झाली, सुरक्षिततेस्तव स्थळाचें नांव उच्चारावयाची बंदी होती. तरी गायन थांबलें नाहीं. आमच्या मतें तिची खरी परीक्षा तेव्हां झाली. रंग नव्हते, नांव नव्हतें; होता तो केवळ स्वर.

यावर कोणी म्हणेल, ही निव्वळ भावविवशता. आम्हीहि पूर्वीं असेंच म्हणत असूं. घरांतील एक माणूस गेल्यानंतरच्या नाताळांत आम्ही तें गायन ऐकलें. आम्ही त्या धर्माचे नव्हे. आरंभीं एक मुलगा एकटाच, साथीवांचून गातो. मागाहून वृंद येतो. आपल्या भजनांत सारे कंठ एका सुरांत मिळतात व ऐकणाराहि त्यांत ओढला जातो. येथें स्वरपंक्ति निरनिराळ्या वाटांनीं चालतात, श्रोता बाहेरच राहतो. परंतु त्या बाहेर राहण्यांतच आम्हांस विसावा मिळाला. भेटीस येणाऱ्यांप्रमाणें त्या स्वरांनीं आमची समजूत घातली नाहीं. दोष काढावयाचाच तर, इतक्या निर्दोष गायनांत काचेचा थंडपणा कधीं कधीं जाणवतो, हें खरें.

मिल्नर-व्हाइट १९४१ सालीं यॉर्क मिन्स्टरचे डीन झाले. युद्धासाठीं उतरविलेल्या तेथील काचा परत बसविण्याचें काम त्यांनीं वर्षानुवर्षें चालविलें. त्यांच्या जुळणीवर तज्ज्ञांनीं पुढें आक्षेपहि घेतले. पण विस्कटलेले तुकडे त्यांनीं एकेक करून पुन्हां उजेडांत आणले.