‘हाय-रिस्क’ कोण ठरवतं? एमसीपी-८४१ चा निबंध वाचताना

रक्ताच्या कर्करोगावरच्या औषध-चाचणीचा कुठलाही नवा शोधनिबंध उघडा. पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात ‘नव्याने निदान झालेले हाय-रिस्क रुग्ण’ हे शब्द बहुतेक वेळा सापडतातच. आपण ते वाचतो आणि पुढे सरकतो. कोणतं औषध कोणाबरोबर दिलं आणि पी-व्हॅल्यू किती आली, हे बघायची घाई असते ना! पण हाय-रिस्क म्हणजे नेमकं काय? रक्तगट जसा रुग्णाच्या रक्तात ठरलेला असतो, तशी ही जोखीमही रक्तातच लिहिलेली असते का?

तुम्ही पेटच्या मुलाखतीची तयारी करत असाल, किंवा जर्नल क्लबसाठी निबंध शोधत असाल, तर एक जुना निबंध सुचवते. २००५ साली ‘युरोपियन जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये तो आला. इयान मॅग्राथ, चेन्नईच्या व्ही. शांता, मुंबईचे सुरेश अडवाणी आणि इतरांचा. विषय आहे एकच प्रोटोकॉल, तीन भारतीय केंद्रं आणि वीस वर्षांचा अनुभव. प्रोटोकॉलचं नाव एमसीपी-८४१. केंद्रं म्हणजे परळचं टाटा मेमोरियल, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट.

हा निबंध मला महत्त्वाचा वाटतो, पण सगळाच पटत नाही. दोन्ही गोष्टी सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल, हा मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग. १९७० च्या दशकात भारतातल्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांतही त्याचे निकाल वाईट होते. चार वर्षांनंतर रोग न उलटता, इतर काही न घडता जगणाऱ्यांचं प्रमाण, म्हणजे इव्हेंट-फ्री सर्व्हायव्हल किंवा ईएफएस, २० टक्क्यांच्याही खाली. १९८४ पासून एमसीपी-८४१ वापरात आला. व्हिनक्रिस्टीन, प्रेडनिसोलोन, अ‍ॅस्परॅजिनेज, डॉनोरुबिसिन अशी त्यातली औषधं जगाला आधीच माहीत होती. नवी होती ती जोडणी, क्रम आणि वेळापत्रक. हे लक्षात ठेवा, कारण ‘नवं कॉम्बिनेशन’ म्हटलं की आपल्याला नवं रसायनच डोळ्यांसमोर येतं. निकाल काय आला? ईएफएस ४५ ते ६० टक्क्यांवर गेला.

२००५ च्या निबंधात १९९० ते १९९७ या काळातल्या १,०४८ रुग्णांची, तोवर न छापलेली माहिती आहे. वय २५ च्या आत. सगळ्यांना एकच उपचार. म्हणजे कोणाची जोखीम जास्त, कोणाची कमी हे शोधायला उत्तम परिस्थिती, कारण हाय-रिस्क म्हणून कोणाला वेगळं, जास्त तीव्र औषध दिलेलं नाही.

आणि सापडलं काय? तिन्ही केंद्रांना लागू पडेल असा एकही समान जोखीम-घटक नाही. निदानाच्या वेळची पांढऱ्या पेशींची संख्या दोन केंद्रांत महत्त्वाची ठरली, तिसऱ्यात नाही. पाश्चात्त्य देशांच्या आकडेवारीत वय हा ठळक घटक असतो. इथे एकाही केंद्रात वयाचा ईएफएसशी संबंध दिसला नाही.

दुसरा कोणी लेखक असता तर ‘आमची नमुनासंख्या कमी होती’ असं म्हणून मोकळा झाला असता. या लेखकांनी जे स्पष्टीकरण दिलं, त्यासाठीच हा निबंध वाचायचा. ते म्हणतात की भारतीय रुग्णांमध्ये टॉक्सिक डेथ जास्त होत्या. म्हणजे रोगाने नाही, तर उपचाराच्या परिणामांनी आलेले मृत्यू. केमोनंतर काउंट पडतात, संसर्ग होतो आणि मूल जातं. हे मृत्यू निदानाच्या वेळच्या पांढऱ्या पेशींवर अवलंबून नव्हते. त्यामुळे पांढऱ्या पेशींचं जोखीम-घटक म्हणून असलेलं महत्त्व झाकलं गेलं असावं.

हे एकदा वाचून डोक्यात शिरत नाही. कागद-पेन घ्या. आकडे माझे, निव्वळ उदाहरणासाठी.

समजा १०० मुलं कमी पेशींची, १०० जास्त पेशींची. पहिल्या गटात रोग २० टक्के मुलांत उलटतो, दुसऱ्यात ४० टक्के. इतर कशाने कोणी दगावत नसेल तर २० विरुद्ध ४०, सरळ दुप्पट. आता दोन्ही गटांत आधीच २० मुलं संसर्गाने जातात असं धरा. दोन्हीकडे ८० उरतात. त्यांच्यात रोग उलटतो अनुक्रमे १६ आणि ३२ जणांत. एकूण ‘इव्हेंट’ झाले ३६ आणि ५२. दुपटीचा फरक दीडपटीच्याही खाली आला! रोगाचं जीवशास्त्र तसूभरही बदललं नाही. बदललं ते एवढंच, की आपण मोजायला बसायच्या आधी काही मुलं दुसऱ्याच कारणाने गेली. संख्याशास्त्रात याला कॉम्पिटिंग रिस्क म्हणतात.

म्हणजे ‘हाय-रिस्क’ ही एकट्या पेशीची खूण नाही. पेशी, उपचार आणि ते उपचार जिथे दिले जातात ती जागा, या तिघांतून ती तयार होते. एका देशात ठरलेली हाय-रिस्कची व्याख्या दुसरीकडे जशीच्या तशी लावून कोणी नवं कॉम्बिनेशन तपासत असेल, तर तुम्ही तिथे थांबून प्रश्न विचारायला हवा.

निबंधात जीवशास्त्राची बाजूही आहे, तिच्यावरून मी भरभर जाते. भारतीय रुग्ण निदानाच्या वेळी जास्त पसरलेल्या रोगासह येत होते. टी-सेल प्रकार जास्त होता. १८ वर्षांखालच्या मुलांत केंद्रागणिक २१.१ ते ४२.७ टक्के, चेन्नईत विशेष. आणि टेल-एएमएल१ हा चांगल्या निकालाशी जोडलेला जनुकीय बदल पाश्चात्त्य आकड्यांपेक्षा कमी सापडला.

आता न पटलेलं.

टॉक्सिक डेथ जास्त का, याची कारणं देताना निबंध पाच गोष्टी सांगतो: निदानाच्या वेळचा जास्त पसरलेला रोग, सोबतचे इतर आजार, सर्वसाधारण घरातली स्वच्छता, तातडीचे उपचार मिळण्यातली अडचण, आणि रुग्णालयांतल्या पूरक सोयींची मर्यादा. सगळ्या ‘बहुधा’ या अर्थाने, म्हणजे मोजून नाही तर अंदाजाने. अंदाज करायला हरकत नाही. पण यादीत घर व्यवस्थेच्या कारणांच्या आधी आलं आहे, हे मला खटकतं. महाड-पोलादपूरकडच्या मुलाचे काउंट पडलेत आणि रात्री दोनला ताप आला असं समजा. अशा तापात तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. जवळच्या दवाखान्यात तापाची गोळी देऊन ‘सकाळी बघू’ म्हटलं, तर आईने घर कितीही पुसलेलं असो, काय उपयोग? पाचपैकी दोन कारणं सरळ व्यवस्थेची आहेत. कोणत्या कारणाने किती मृत्यू, ही वाटणी केल्याशिवाय घराला व्यवस्थेच्या आधी ठेवणं म्हणजे निष्कर्षाला नकळत दिलेला कल आहे.

आणि घर ही काही न बदलणारी गोष्ट नाही. पनवेलहून हार्बर लाइनने तिसरं स्टेशन खारघर. तिथे टाटा मेमोरियल सेंटरचं संशोधन केंद्र आहे, अ‍ॅक्ट्रेक. खारघरला सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सचीही केंद्रं आहेत. बाहेरगावच्या मुलांना आई-वडिलांसह उपचारांच्या काळात तिथे मोफत, स्वच्छ जागा मिळते. प्रोटोकॉलच्या तक्त्यात औषधं, डोस आणि दिवस असतात, राहण्याची जागा नसते. ईएफएसच्या आलेखात मात्र तिचा परिणाम मिसळलेला असतो.

दुसरी हरकत जास्त मूलभूत आहे. ‘२० टक्क्यांखालून ४५-६० वर’ ही तुलना आधी आणि नंतरची. शेजारी दुसरा गट नाही. त्याच काळात पूरक उपचारही सुधारले, आणि लेखक श्रेय दोघांनाही देतात. मग औषधांच्या जोडणीचा वाटा किती? या मांडणीतून ते वेगळं काढता येत नाही. १९८४ च्या भारतात अर्ध्या मुलांना जुनाच उपचार द्या असं कोणी म्हटलं नसतं, ते मला मान्य आहे. पण निष्कर्ष वाचताना ‘एमसीपी-८४१ मुळे’ असं वाक्य तुमच्या तोंडून सहज निघेल. जरा जपून.

ही जुनी, गरीब देशांपुरती अडचण आहे असं वाटत असेल तर मॅग्रोलिमॅबची गोष्ट ऐका. प्रौढांमधला अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, त्यात टीपी५३ जनुक बिघडलेलं, म्हणजे कोणत्याही व्याख्येने हाय-रिस्क. मॅग्रोलिमॅब आणि अ‍ॅझासिटिडिन एकत्र देऊन सुरुवातीच्या टप्प्यात टीपी५३ च्या ७२ नव्या रुग्णांत सुमारे ३२ टक्क्यांना पूर्ण रेमिशन मिळालं. नियंत्रण गट नव्हता. तरी आशा वाढल्या, मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. २०२३ मध्ये टीपी५३ रुग्णांवरची तिसऱ्या टप्प्याची चाचणी फायदा दिसत नाही म्हणून थांबवावी लागली. २०२४ च्या फेब्रुवारीत, व्हेनेटोक्लॅक्स आणि अ‍ॅझासिटिडिनमध्ये हेच औषध मिसळून पाहणारी चाचणीही थांबली. तिथे तर मॅग्रोलिमॅबच्या गटात मृत्यूचा धोका वाढलेला दिसला, मुख्यतः संसर्ग आणि श्वसन बंद पडण्यामुळे. संसर्ग, पुन्हा तोच! आणि तो दिसला कारण शेजारी तुलनेला गट होता.

मग आपल्याकडे पुढे काय झालं? इंडियन कोलॅबोरेटिव्ह चाइल्डहुड ल्युकेमिया ग्रुपची आयसिकल-एएलएल-१४ ही चाचणी. नव्याने निदान झालेल्या मुलांसाठी, अनेक केंद्रांत, जोखमीनुसार गट पाडून आणि रँडमाइज करून. तिचा आराखडा २०२२ मध्ये ‘ट्रायल्स’ या नियतकालिकात आला. तो मोफत वाचता येतो, जरूर वाचा. थिसिसचा प्रस्ताव कसा लिहावा यासाठीसुद्धा.

त्यात दोन रँडमायझेशन आहेत. पहिलं: बी-सेल प्रकारच्या, हाय-रिस्क नसलेल्या लहान मुलांना सुरुवातीला प्रेडनिसोलोन पाच आठवड्यांऐवजी तीन आठवडे दिलं तर दुष्परिणाम कमी होतात का? बघा, २००५ च्या निबंधाचं हे थेट उत्तर आहे. औषध वाढवून नाही, कमी करून मुलं वाचवता येतील का, हा प्रश्न. पण कमी करायचं तर ‘हे मूल हाय-रिस्क नाही’ असं खात्रीने सांगता यायला हवं, आणि इथे एमआरडी कामाला येते. मायक्रोस्कोपखाली रेमिशन दिसत असतानाही मज्जेत दडून राहिलेल्या, दहा हजारांत एक इतक्या विरळ ल्युकेमिया पेशी फ्लो सायटोमेट्रीने शोधणं. अ‍ॅक्ट्रेकच्या हिमॅटोपॅथॉलॉजी प्रयोगशाळेचं या तंत्रावर बरंच काम छापून आलंय. एमआरडीचा मोठा फायदा असा की ती निदानाच्या दिवशीचं भाकीत नसते, या मुलाने या उपचाराला दिलेलं उत्तर असते. मात्र ती रोगाचं उत्तर सांगते. रात्री दोनच्या तापाचं नाही.

दुसरं रँडमायझेशन सर्वांसाठी: रेमिशननंतरच्या डिलेड इंटेन्सिफिकेशनमध्ये डॉक्सोरुबिसिनच्या जागी मायटोझँट्रोन. कल्पना आली एएलएल-आर३ या चाचणीतून, ‘लॅन्सेट’, २०१०. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांतली, रोग पहिल्यांदा उलटलेली मुलं. मायटोझँट्रोन गटात तीन वर्षांचं प्रोग्रेशन-फ्री सर्व्हायव्हल ६४.६ टक्के, इडारुबिसिन गटात ३५.९. प्रभावी फरक आहे, वाद नाही. पण ती मुलं वेगळी होती, देश वेगळे होते, तुलनेतलं औषधही वेगळं होतं. रोग उलटलेल्या मुलाला मजबूत औषध देताना गमावण्यासारखं कमी असतं. नव्याने निदान झालेल्यांपैकी पुष्कळ जण डॉक्सोरुबिसिनवरही बरे होणार असतात, आणि मायटोझँट्रोनने काउंट जास्त पडले तर त्याची किंमत त्यांनाही मोजावी लागते.

म्हणून इथे यशाचं मुख्य माप सर्व्हायव्हल ठेवलंय, हा निर्णय मला योग्य वाटतो. नुसतं ‘रोग किती जणांत उलटला’ एवढंच मोजलं असतं तर संसर्गाने गेलेलं मूल ‘रोग न उलटलेलं मूल’ म्हणून चांगल्या रकान्यात बसलं असतं. माझी इच्छा आणखी एका तक्त्याची आहे: रेमिशनमध्ये असताना गेलेली मुलं, केंद्रानुसार आणि रुग्णालयापासून घराच्या अंतरानुसार. मायटोझँट्रोन गटाचा तो रकाना मी सर्व्हायव्हलच्या आलेखाच्या आधी उघडेन.